व्याजाचं घड्याळ कोणाच्या हातात?

विवरणपत्र भरण्याची मुदत होती ३१ ऑक्टोबर १९९५. पत्रकार प्रणय रॉय यांनी त्या वर्षाचा कर सप्टेंबर १९९५ मध्येच, म्हणजे मुदतीच्या महिनाभर आधी, भरून टाकला होता. विवरणपत्र मात्र रखडलं आणि दाखल झालं ते थेट पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. प्राप्तिकर खात्याने कलम २३४ ए काढलं आणि मधल्या काळाचं व्याज लावलं. व्याज कशावर? तर जो कर वर्षभर खजिन्यातच पडून होता, त्याच्यावर.

खात्याचं म्हणणं शब्दशः पाहिलं तर चूक नव्हतं. व्याज मोजताना एकूण करातून काय वजा करायचं, हे त्या कलमात लिहिलेलं होतं. त्यात आगाऊ कराचा आणि टीडीएसचा उल्लेख होता, विवरणपत्र भरताना स्वतःहून भरलेल्या कराचा नव्हता. म्हणजे पैसे खजिन्यात आले, चलन फाटलं, बँकेचा शिक्का बसला. पण व्याजाच्या हिशेबापुरते ते आलेच नाहीत, असं धरायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने हे मान्य केलं नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रॉय यांच्याच बाजूने निकाल दिला: व्याज ही भरपाई आहे, शिक्षा नव्हे, पैसे मिळालेच असतील तर भरपाई कसली? ही साधी गोष्ट खात्याच्या परिपत्रकात उतरायला पुढे २०१५ साल उजाडलं.

करावरच्या व्याजाचा वाद निघाला की आपल्याकडे चर्चा दरावर येऊन थांबते. सरकार घेताना महिन्याला एक टक्का घेतं आणि देताना अर्धा टक्का देतं, हे बहुतेक सीए पहिल्याच भेटीत हसून सांगतात. तक्रार खरी आहे. पण मला दरापेक्षा घड्याळ जास्त खटकतं. व्याज किती, यापेक्षा व्याज कोणत्या दिवसापासून मोजायचं, यात मोठी मेख आहे आणि तिच्याकडे कोणी फारसं पाहत नाही. चुकून जादा गेलेल्या पैशाच्या बाबतीत तर सगळा खेळ त्या पहिल्या तारखेचाच असतो.

आधी दराचा हिशेब उरकून घेऊ. एकाच सोसायटीतले दोन शेजारी घ्या. आर्थिक वर्ष २०२३-२४. पहिला नोकरदार, पगारावर टीडीएस कापला गेला, पण ठेवींचं व्याज आणि घरभाडं यांच्यावरचा ५०,००० रुपये कर राहून गेला. आगाऊ कराचे हप्ते त्याने भरले नाहीत आणि सगळी रक्कम ३१ जुलै २०२४ ला विवरणपत्राबरोबर भरली. त्याला २३४ बी खाली एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांचे २,००० रुपये पडले. शिवाय २३४ सी खाली हप्ते चुकल्याचे: जूनच्या १५ टक्के हप्त्यावर २२५, सप्टेंबरपर्यंतच्या ४५ टक्क्यांवर ६७५, डिसेंबरपर्यंतच्या ७५ टक्क्यांवर १,१२५ आणि मार्चच्या ५००. एकूण ४,५२५ रुपये.

दुसरा शेजारी सल्लागार. त्याच्या प्रत्येक बिलातून अशिलांनी दहा टक्के टीडीएस कापला. वर्षाअखेरीस पाहतो तर ५०,००० रुपये जादा गेलेले, त्याच्या देय कराच्या मानाने चांगली मोठी रक्कम. त्यानेही ३१ जुलैला विवरणपत्र भरलं आणि परतावा १० सप्टेंबर २०२४ ला खात्यात आला. व्याज एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिने, अर्ध्या टक्क्याने: १,५०० रुपये. हे व्याज त्याचं उत्पन्न समजलं जातं, म्हणून त्यावर पुन्हा कर. वीस टक्के आणि वर उपकर धरला तर हातात उरले १,१८८. पहिल्या शेजाऱ्याने भरलेल्या ४,५२५ रुपयांची मात्र त्याला कुठेही वजावट नाही. प्राप्तिकरावरचं व्याज हा धंद्याचा खर्चसुद्धा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका कंपनीच्या खटल्यात सांगून टाकलं आहे.

तर ४,५२५ विरुद्ध १,१८८. आकडा डोळ्यांत भरतो, पण सरकारची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. कर थकवणारा माणूस सरकारकडून विनातारण, न विचारता घेतलेलं कर्ज वापरत असतो. असं कर्ज बँकेत घ्यायला गेलं तर बारा टक्क्यांखाली सहज मिळत नाही. सरकारने सहा टक्केच लावले असते तर निम्म्या व्यापाऱ्यांनी आगाऊ कराचे पैसे आधी धंद्यात फिरवले असते. उलट, परताव्याचे पैसे बुडण्याची भीती नसते. सरकारला उधार देणं म्हणजे रोखे घेण्यासारखंच. रोख्यांना सहा-सात टक्के मिळतात, मग परताव्याला सहा का कमी वाटावेत? २०२०-२१ मध्ये तर मोठ्या बँका मुदत ठेवींना साडेपाच टक्क्यांच्या आसपास देत होत्या आणि प्राप्तिकराचा परतावा त्याहून वरचढ ठरत होता. खजिना म्हणजे काही ठेवी ठेवण्याची पेढी नव्हे, असं अधिकारी म्हणतात त्यात तथ्य आहे.

आणखी एक गोष्ट सरकारच्या बाजूने जाते. परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळत नाही, याबद्दल लोक कुरकुर करतात. पण तिकडे आगाऊ कर नव्वद टक्के भरला असेल तर २३४ बी खालचं व्याजही लागत नाही. थोडं इकडेतिकडे दोन्ही बाजूंनी माफ. इथे कायदा सरळ वागतो, हे मान्य करायला हवं.

दरांबद्दल माझी तक्रार एवढीच, की ते गोठलेले आहेत. हा एक टक्का आणि अर्धा टक्का ८ सप्टेंबर २००३ पासून तसाच आहे. मधल्या काळात बाजारातले दर कितीतरी वेळा वर-खाली झाले. अमेरिकेत हे दर दर तिमाहीला नव्याने ठरतात आणि १९९८ च्या सुधारणेनंतर सामान्य व्यक्तीसाठी देण्याचा आणि घेण्याचा दर एकच आहे. कंपन्यांना मात्र परताव्यावर थोडं कमी मिळतं. ब्रिटनमध्ये दर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दराला बांधलेले आहेत, पण दरी आपल्यापेक्षा फार कमी नाही: एप्रिल २०२५ पासून थकबाकीवर मूळ दर अधिक चार टक्के आणि परताव्यावर मूळ दर उणे एक. म्हणजे पाच टक्क्यांचं अंतर. तेव्हा आखडता हात ही काही दिल्लीची मक्तेदारी नाही.

आता घड्याळाकडे येऊ.

दुसऱ्या शेजाऱ्याचा टीडीएस एप्रिल २०२३ पासून दर महिन्याला कापला जात होता. पण त्याच्या व्याजाची मोजणी सुरू झाली १ एप्रिल २०२४ ला. जे पैसे जून २०२३ मध्ये गेले, ते साडेनऊ-दहा महिने बिनव्याजी वापरले गेले. तिकडे पहिल्या शेजाऱ्याचा जूनचा हप्ता चुकला, तर १५ जूनची तारीख उलटताच तीन महिन्यांचं व्याज लागलं. दुसऱ्याच दिवशी, १६ जूनला, भरला असता तरी तीन महिन्यांचंच. कमी भरणाऱ्याचं घड्याळ जूनमध्ये सुरू होतं आणि जादा भरणाऱ्याचं पुढच्या एप्रिलमध्ये. याला कर्जाच्या जोखमीचं कारण लागू पडत नाही. पैसे ज्या दिवशी आले त्याच दिवशी आले. ते वापरलेही गेले.

बरं, हे झालं टीडीएसचं. स्वतःच हिशेबात चुकून जादा कर भरला असेल तर? स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनचा खटला मुंबई उच्च न्यायालयात आला तेव्हा नेमका हाच प्रश्न होता. खात्याची भूमिका अशी, की स्वयंनिर्धारणाचा कर आमच्या मागणीवरून भरलेला नाही, तेव्हा तो परत करू, पण व्याज कशाचं? न्यायालयाने २०१४ मध्ये हे अमान्य केलं. कर म्हणून भरलेले पैसे म्हणजे बक्षिसी नव्हे. ज्या दिवशी भरले त्या दिवसापासून त्यांवर व्याज द्यावं लागेल. मग २०१६ च्या वित्त अधिनियमाने परताव्यावरच्या व्याजाच्या कलम २४४ ए मध्ये नवं पोटकलम घातलं. स्वयंनिर्धारणाच्या जादा करावर व्याज मिळेल, हे त्यात स्वच्छ लिहिलं; ते चांगलंच झालं. पण घड्याळ कधी सुरू होणार? कर भरल्याच्या किंवा विवरणपत्र दाखल केल्याच्या तारखांपैकी जी नंतरची असेल तेव्हापासून. न्यायालयाने दिलेले दिवस कायद्याने परत घेतले, इतक्या हळुवार हाताने की खिशातून काही गेलं हे कळूही नये.

सगळ्यात बोलकी तुलना मात्र कलम २३४ डी ची. हा उलटा प्रकार: चूक सरकारची आणि जादा पैसे तुम्हाला. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातून तुमचं विवरणपत्र यंत्राने तपासलं, परतावा मंजूर केला, तो खात्यात आला. पुढे सविस्तर छाननीत निघालं की एवढा परतावा द्यायला नको होता. मग ती रक्कम परत करायचीच, वर महिन्याला अर्धा टक्का व्याजही द्यायचं. दर पाहा, परताव्याच्या व्याजाइतकाच. शिक्षा नाही, फक्त पैसे वापरल्याचं भाडं. मला हे कलम अन्यायाचं वाटत नाही. तुमची काही चूक नव्हती, हे खरं. पण चूक कोणाची हा प्रश्न व्याजात येतच नाही. घर चुकून दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तरी राहिलेल्या महिन्यांचं भाडं निघतंच. फक्त घड्याळ बघा कधी सुरू होतं. परतावा दिल्याच्या दिवसापासून. एक एप्रिलपासून नाही, छाननीची नोटीस आली तेव्हापासून नाही. सरकारच्या हातून पैसा चुकून गेला की त्याच दिवशी काटा फिरू लागतो. तुमच्या हातून गेला की काटा वाट पाहतो.

पुणेकरांना हे प्रकरण जवळचं वाटेल, कारण या वादातला सगळ्यात गाजलेला निकाल दापोडीच्या कारखान्याचा आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरची सँडविक एशिया, कठीण धातूची कापणीची हत्यारं बनवणारी कंपनी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही वर्षांचा आगाऊ कर कंपनीने जादा भरला होता. अपिलं होत गेली, कंपनी जिंकत गेली, मूळ रक्कम परत आली. पण त्या रकमेवरचं व्याज द्यायला खातं तयार होईना. ते व्याज होतं ४०,८४,९०६ रुपये. कंपनीच्या हातात ते पडलं २७ मार्च १९९८ ला. वेगवेगळ्या वर्षांचा विचार केला तर बारा ते सतरा वर्षांच्या उशिराने.

कंपनीने पुढचा प्रश्न विचारला. व्याज देणं ठरलं होतं, ते तुम्ही एवढी वर्षं अडवून ठेवलं. मग अडवून ठेवलेल्या त्या पैशाचं काय? खात्याने तयार उत्तर दिलं: कायद्यात व्याजावर व्याजाची तरतूद नाही. मुंबई उच्च न्यायालयालाही ते पटलं. कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर तशी तरतूद खरोखरच नव्हती. पण या उत्तरामागचं गणित जरा सावकाश बघायला हवं. चाळीस लाखांचं देणं दरवर्षी पुढे ढकललं तर खात्याला त्याबद्दल एक पैही पडत नाही. मग ते वेळेवर का द्यावं? अधिकाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, त्या वर्षीच्या वसुलीचा आकडा मात्र चांगला दिसतो. उशिराला किंमत नसली की उशीर हेच धोरण होतं. त्यासाठी कोणी वाईट हेतूचा असावा लागत नाही.

२७ जानेवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. ३१ मार्च १९८६ ते २७ मार्च १९९८ या काळासाठी त्या ४०,८४,९०६ रुपयांवर नऊ टक्क्यांनी भरपाई द्या, महिन्याभरात द्या, नाही तर पंधरा टक्के लागतील. बारा वर्षांचा सरळ हिशेब केला तर ही भरपाई ४४ लाखांच्या आसपास जाते, म्हणजे अडवलेल्या रकमेहून अधिक. न्यायालयाने तेवढ्यावर सोडलं नाही. ज्या अधिकाऱ्यांच्या ढिलाईने आणि हट्टाने सरकारला हा भुर्दंड बसला, त्यांच्यावर योग्य कारवाई व्हावी म्हणून निकालाची प्रत अर्थमंत्र्यांकडे पाठवायला सांगितलं.

या निकालानंतर व्याजावर व्याज मागणाऱ्या अर्जांची रीघ लागली, आणि २०१३ मध्ये गुजरात फ्लुओरोकेमिकल्सच्या प्रकरणात मोठ्या पीठाने दार पुन्हा लोटून घेतलं. सँडविकला जे दिलं ती त्या प्रकरणातल्या अक्षम्य उशिराची भरपाई होती, तो काही सर्वांसाठी नियम नव्हे. कायद्यात जेवढं व्याज आहे तेवढंच मिळेल. कायद्याचा अर्थ लावण्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. व्यवहारात मात्र अक्षम्य उशीर म्हणजे किती, हे ठरवायला पुन्हा कोर्टाचीच पायरी चढावी लागते, आणि ते परवडतं सँडविकसारख्यांना. निवृत्त शिक्षकाच्या नऊ हजारांच्या परताव्यासाठी कोण वकील उभा राहणार? सरकारनेही या बाजूला अगदीच काही केलं नाही असं नाही. अपिलाचा निकाल अमलात आणायला ठरल्या मुदतीहून उशीर झाला तर वर्षाला तीन टक्के जादा व्याज द्यायची तरतूद २०१६ मध्येच आली. तीन अधिक सहा, नऊ. सँडविकला मिळालेला दर हाच, हा योगायोगही असू शकेल.

तारखेचा हा वाद इंग्लंडमध्येही लढला गेला आहे आणि तोही फक्त तारखेसाठी. वुलविच ही घरकर्ज देणारी मोठी संस्था. १९८६ च्या एका नियमावलीखाली तिच्याकडून सुमारे ५ कोटी ७० लाख पौंड कर घेतला गेला. संस्थेने तो भरला, पण हरकत नोंदवून. जुलै १९८७ मध्ये न्यायालयाने नियमावली रद्द केली. कर खात्याने मुद्दल परत दिलं, निकालाच्या तारखेपासूनचं व्याजही दिलं. त्याआधीच्या महिन्यांचं व्याज मात्र नाही. ती रक्कम सुमारे ६७ लाख पौंड. त्या काही महिन्यांसाठी संस्था हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि १९९२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा काठावरच्या बहुमताने जिंकली. कायद्याचा आधार नसताना घेतलेला कर परत मागणं हा नागरिकाचा हक्क आहे, ती सरकारची मेहरबानी नव्हे, आणि तो हक्क पैसे घेतल्याच्या क्षणी जन्माला येतो, असा त्या निकालाचा अर्थ.

तिथेही पुढे हात आखडला गेलाच. लिटलवूड्स या कॅटलॉगवरून माल विकणाऱ्या उद्योगसमूहाने १९७३ ते २००४ या काळात सुमारे २०.५ कोटी पौंड मूल्यवर्धित कर जादा भरला होता. सरकारने तो परत केला आणि वर सरळव्याज दिलं २६.८ कोटी. कंपनी म्हणाली, तीस वर्षं तुम्ही आमचे पैसे वापरलेत, चक्रवाढीने द्या. आणखी सव्वाशे कोटी पौंड होतात. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. आणि उद्या हरलोच तर काय, याची तजवीज संसदेने आधीच करून ठेवली होती: अशा परताव्याच्या व्याजावर ४५ टक्के खास कर, २०१५ च्या कायद्याने. खजिन्याची राखण करावी ती इंग्रजांनीच.

परत करण्याच्या विरुद्ध एक युक्तिवाद असा आहे, की त्याला सहज उत्तर देता येत नाही. अप्रत्यक्ष कर व्यापारी भरतो, पण आपल्या खिशातून नाही. तो किमतीत मिळवून गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. उद्या तो कर बेकायदा ठरला तर परतावा कोणाला द्यायचा? व्यापाऱ्याला दिला तर त्याची दुहेरी कमाई होते. मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं, की बोजा आपणच सोसला हे दावेदाराने सिद्ध करावं, नाही तर परतावा नाही. असे पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात. मला हा निकाल पटतो. पण तो प्राप्तिकराला लावता येत नाही. पगारदार माणूस आपला टीडीएस कोणत्या गिऱ्हाइकावर ढकलणार?

जीएसटीत घड्याळाचा आणखी एक मासला आहे. व्यापारी पोर्टलवर आपल्या रोख खातेवहीत पैसे भरतो. ते त्याच दिवशी सरकारच्या तिजोरीत पोचतात. पण कर भरला असं मानलं जातं ते महिन्याचं विवरणपत्र दाखल करून त्या खातेवहीतून रक्कम वळती केल्यावर. विवरणपत्राला उशीर झाला की १८ टक्के व्याज, मग पैसे मुदतीआधीच जमा असले तरी. प्रणय रॉय प्रकरणाचाच हा जुळा भाऊ, आणि त्यावरही कितीतरी वर्षं भांडणं झाली. अखेर जीएसटी परिषदेच्या जून २०२४ च्या शिफारशीनंतर नियम ८८ बी सुधारला गेला: मुदतीच्या दिवशी जी रक्कम रोख खातेवहीत पडून होती आणि जी विवरणपत्र भरताना वापरली, तिच्यावर व्याज नाही. कलम ७७ आणि त्याच्या जोडीचं आयजीएसटी कायद्याचं कलम १९ तर मुळातच शहाणपणाने लिहिलेली आहेत. राज्यांतर्गत व्यवहार समजून केंद्राचा आणि राज्याचा कर भरला आणि पुढे तो आंतरराज्य ठरला, तर योग्य तो कर भरावा, चुकीचा परत मागावा. योग्य कराला उशीर झाला म्हणून व्याज लागत नाही. पैसे सरकारकडेच होते, फक्त कप्पा चुकला होता, एवढं त्यात ओळखलं आहे. प्राप्तिकराच्या चलनात कर निर्धारण वर्ष चुकीचं निवडलं तर हीच समज दिसेल असं नाही. एका वर्षात रक्कम बेवारस पडते, दुसऱ्या वर्षात थकबाकी दिसून व्याज चढतं, आणि चलनदुरुस्तीचा अर्ज मंजूर होईपर्यंत दोन्ही एकाच पॅनखाली शेजारी-शेजारी नांदतात.

आणि काही वेळा घड्याळाला चावीच दिली जात नाही. परतावा मागायची मुदत टळली तर उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंतचे अर्ज विचारात घेतले जातात. कारण खरं असेल तर परतावा मिळतो. व्याज मिळत नाही. एका दिवसाचंही नाही. उशीर करदात्याचा, तेव्हा त्याच्या उशिराचे दिवस वगळणं समजू शकतं. पण अर्ज आल्यानंतर खात्याने घेतलेल्या महिन्यांचं काय? ११ एप्रिल १९५५ चं एक जुनं परिपत्रक करक्षेत्रात अजून आदराने सांगितलं जातं. त्यात अधिकाऱ्यांना बजावलं होतं, की करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका. त्याला मिळू शकणारी सूट तुमच्या लक्षात आली तर तुम्हीच त्याला सांगा. हे परिपत्रक न्यायालयांत वारंवार वाचलं जातं, याचाच अर्थ कार्यालयांत ते पुरेसं वाचलं जात नसावं.

१ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर कायदा, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख. फेब्रुवारी २०२५ च्या मूळ विधेयकात, विवरणपत्र मुदतीत भरलं तरच परतावा मागता येईल, अशी भासणारी तरतूद होती. प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि सरकारने ऐकलं. भाषा सोपी झाली, कलमांचे आकडे बदलले, २४४ ए आणि २३४ डी पाठ असणाऱ्यांना नवे आकडे पाठ करावे लागतील. एक टक्का, अर्धा टक्का आणि काटा सुरू होण्याच्या तारखा मात्र जुन्या कायद्यातून तशाच उचलल्या गेल्या.

त्या बदलेपर्यंत करदात्याने आपल्यापुरतं काय करावं, हे याच तारखांवरून निघतं. स्वयंनिर्धारणाचा कर भरलात की शक्यतो त्याच दिवशी विवरणपत्र दाखल करावं. चलन भरून महिनाभर कागद जुळवत बसलात तर जादा गेलेल्या रकमेचा तो महिना फुकट जातो. आगाऊ कराचा जूनचा हप्ता पंधरा टक्के आहे तर पंधराच भरावा, भीतीपोटी पंचवीस नको. जे संशयाचं आहे ते १५ मार्चपर्यंत हातात ठेवलं तर बिनव्याजी काळ सोळा दिवसांवर येतो. आणि बेंगळुरूहून येणारी कलम १४३(१) ची सूचना, जी पॅन आणि जन्मतारखेच्या पासवर्डने उघडते, ती फक्त शेवटचा आकडा पाहून बंद करू नये. त्यात दोन रकाने असतात, तुम्ही दाखवलेलं आणि खात्याने काढलेलं. खालच्या बाजूला २३४ ए, बी, सी च्या वेगवेगळ्या ओळी आणि परताव्यावरच्या व्याजाची ओळ असते. महिने बोटांवर मोजून पाहावेत. कमी असतील तर दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्याला शुल्क लागत नाही.